लाइफटाइम इमेजिंग: रिकन्स्ट्रक्शन नेटवर्कवर सोपवायचं का?

मृण्मयी, पाषाण
पुण्यात पाषाण रोड ते विद्यापीठ या पट्ट्यात जिवंत पेशींवर काम करणारे बरेच आहेत, म्हणून इथेच विचारते. कॉम्प्रेस्ड फ्लुओरोसन्स लाइफटाइम इमेजिंगमध्ये (रेणू उजळल्यावर त्याचा प्रकाश किती वेळात विझतो, म्हणजे त्याचं लाइफटाइम, त्याचा नकाशा एकाच चित्रातून काढणं) सगळं डीप लर्निंगवर, म्हणजे उदाहरणांतून शिकलेल्या नेटवर्कवर, सोपवायची घाई कशाला? मास्कमधून (ठिपक्यांच्या नक्षीच्या जाळीतून) आलेलं दृश्य स्ट्रीक कॅमेरा वेळेनुसार सरकवत नेतो आणि सगळ्या फ्रेम एकाच चित्रात एकमेकींवर चढतात. त्या परत वेगळ्या करताना (हेच रिकन्स्ट्रक्शन) नेटवर्क शिकवणीतले आकार भरतं. एनएडीएच या पेशीच्या चयापचयातल्या, स्वतःच चमकणाऱ्या रेणूचं लाइफटाइम तो मुक्त असताना साधारण ०.४ नॅनोसेकंद, प्रथिनाला चिकटलं की कितीतरी पट जास्त. चयापचयाचा अख्खा निष्कर्ष या फरकावर उभा असतो. तिथे अंदाजपंचे चालणार नाही.

केदार
साफ अमान्य. २००७चा ट्विस्ट, म्हणजे आवर्तनं करत उत्तराकडे जाणारा नेटवर्कविना अल्गोरिदम, तरी निःपक्ष आहे का? त्यासोबत वापरतात त्या टोटल व्हेरिएशनला (शेजारच्या मूल्यांमधल्या फरकांना दंड लावणारी अट) सपाट तुकडे आवडतात. वेळेच्या दिशेनेही ते लावलंत तर एक पिक्सेल उघडून बघा: पेशीची कड एकदम स्वच्छ, पण विझत्या प्रकाशाच्या उतरत्या वक्राच्या जागी पायऱ्या! त्यावर एक्स्पोनेन्शियल (दर क्षणी ठरावीक प्रमाणात घटणारा वक्र) बसवून आलेला आकडा खरा कसा मानायचा? वर आवर्तनं संपेपर्यंत ताटकळत बसा. शिकलेलं नेटवर्क चुटकीसरशी उत्तर देतं.

मृण्मयी
मग क्षय एक्स्पोनेन्शियल असतो हे मॉडेलमध्येच घालू या. जे आधीच माहीत आहे ते नेटवर्कला हजारो चित्रांतून कशाला शिकवायचं?

सायली
फोटॉनबद्दल कोणीच बोलत नाहीये. पिक्सेलला १०० फोटॉन मिळाले, तर अगदी आदर्श स्थितीतही लाइफटाइममध्ये साधारण १० टक्के अनिश्चितता राहते. नकाशा त्याहून नितळ दिसला, तर शेजारच्या पिक्सेलांकडून उसनवारी झालीये, मग पद्धत कुठलीही असो. मी नेटवर्क फक्त नॉइज काढायला ठेवीन, नॉइजचं मॉडेल पॉइसनचं (फोटॉन मोजताना होणाऱ्या स्वाभाविक चढउताराचं) घेईन आणि दर आवर्तनात उत्तर मोजलेल्या चित्राशी ताडून बघेन.

केदार
ताडणं चांगलंच, पण एकाच चित्राला अनेक उत्तरं बसतात, खरी अडचण तीच आहे. पीएसएनआरचे (चित्र मूळ चित्राशी किती जुळतं याच्या आकड्यांचे) तक्ते बाजूला ठेवा. ऱ्होडामाइन ६जी या रंगद्रव्याचं पाण्यातलं द्रावण, साधारण ४ नॅनोसेकंद लाइफटाइमचं, त्याच मास्कने मोजा आणि सगळ्या पद्धती त्यावर चालवा.

मृण्मयी
एकसंध द्रावणावर टोटल व्हेरिएशन हरणारच नाही, ती परीक्षा माझ्याच बाजूला झुकलेली आहे. वेगवेगळ्या लाइफटाइमची दोन रंगद्रव्यं शेजारी ठेवा आणि सीमेवरच्या पिक्सेलांचे आकडे इथे टाका.