अराजकवाद्याची श्रद्धा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांतला अराजकवादी, म्हणजे कुठलीच राजसत्ता नको म्हणणारा माणूस, निव्वळ देव न मानणारा खलनायक, हे मत मला पटत नाही. कॉनरॅडच्या ‘द सीक्रेट एजंट’मधला (१९०७) प्रोफेसर नावाचा अराजकवादी घ्या. अंगावर बाळगलेल्या बॉम्बची कळ असलेला खिशातला रबरी गोळा मुठीत धरूनच तो लंडनमध्ये वावरतो. दाबला की स्वतःसकट आसपासचे सगळे खलास. त्याचा बाप एका कडव्या ख्रिस्ती पंथाचा फिरता प्रवचनकार. पोराने देव सोडला, बापाचा कडवेपणा मात्र सोडला नाही! कॉनरॅडने हे दोन-चार ओळींत सांगितलंय, पण माझ्या मते त्या पात्राची किल्ली तिथेच आहे.

चेस्टरटनच्या ‘द मॅन हू वॉज थर्सडे’त (१९०८) वारांची नावं घेतलेल्या अराजकवाद्यांचं एक गुप्त मंडळ आहे, पण त्यातले सदस्य एकेक करून वेषांतर केलेले पोलीस निघतात. खरा बंडखोर ग्रेगरी. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात देवपुत्रांमध्ये सैतान येतो, तसा तो शेवटी येतो आणि सुनावतो की तुम्ही सत्तेवरची माणसं सुरक्षित आहात, तुम्ही कधी काही सोसलंच नाही. मग त्या पोलिसांपैकीच एक, कथानायक सायम, मंडळाचा प्रमुख संडे याला विचारतो, तू तरी कधी सोसलंस का? आणि उत्तरादाखल ऐकू येतो येशूने शिष्यांना विचारलेला प्रश्न: मी पितो तो (दुःखाचा) प्याला तुम्हाला पिता येईल का? अराजकवाद्याची तक्रार चेस्टरटनने उडवून लावलेली नाही, पार वधस्तंभापर्यंत नेली आहे.