किडनीच्या मॉडेलला १०० टक्के अ‍ॅक्युरसी आलीय, आईच्या रिपोर्टवर भरवसा ठेवू का?

पक्या_फायनल_इयर
बीईचा प्रोजेक्ट आहे, सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) प्रेडिक्शन. यूसीआय या डेटासेटच्या साइटवरचा सगळे वापरतात तोच डेटासेट, तमिळनाडूतला, ४०० पेशंट, २५० सीकेडीचे आणि १५० नॉर्मल. रँडम फॉरेस्ट अल्गोरिदम लावलं, टेस्टला ८० जण ठेवलेले, एकही चुकला नाही!! गाइड सर खूश. मग सहज आईचे आकडे टाकले, वय ६१, क्रिएटिनिन (किडनी गाळते तो रक्तातला कचरा) १.१, शुगर बीपी काही नाही, तर नॉट सीकेडी आलं. लॅबनेपण काही मार्क केलेलं नाही. म्हणजे निर्धास्त ना?

डेटा_खोडकर
भावा, ८० पैकी ८० आले की नाचायचं नसतं, घाबरायचं असतं. त्या फाइलमधले १५० नॉर्मल लोक उघडून बघ, एकालाही शुगर नाही, बीपी नाही, पायाला सूज नाही, लघवीत अल्ब्युमिन (प्रोटीन) शून्य. असे १५० जण आमच्या अख्ख्या सोसायटीत सापडणार नाहीत. दुसरं म्हणजे रिकामे रकाने. एकही रकाना रिकामा नाही अशा ओळी फक्त १५८, आणि त्यातले ११५ नॉर्मलवाले. मॉडेल किडनी बघतच नाहीये, रकाना रिकामा दिसला की पेशंट आजारी असं शिकून बसलंय 😄

नाइट_ड्युटी_ताई
मेडिसिनची रेसिडेंट आहे, ड्युटीवरून लिहितेय. वरच्यांचं बरोबर, पण मला वेगळंच खटकलं, त्या २४ रकान्यांत बाई की पुरुष हा रकानाच नाही! आता हिशोब बघ. क्रिएटिनिन १.१, वय ६१, पुरुष असेल तर २०२१ च्या सीकेडी-एपी फॉर्म्युल्याने ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, साधारण ७६ येतो, बाई असेल तर ५७. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, बायकांचे स्नायू कमी, म्हणून लॅबच्या रेंजमध्ये बसूनही किडनी मंदावलेली असू शकते. पण लगेच घाबरवू नकोस त्यांना. एकदा ६० च्या खाली आला म्हणजे सीकेडी होत नाही, तीन महिने तरी तसाच राहायला हवा. लघवीचा एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) करून घे, तो ३० च्या वर टिकला तर ईजीएफआर चांगला असला तरी सीकेडी धरतात. हे दोन्ही रिपोर्ट घेऊन फिजिशियनला दाखव. आणि गुडघ्यासाठी पेनकिलर घेतात का विचार, त्यांनी किडनी बिघडू शकते.

बेंचवरचा_बाबू
मग एआय फुकटच म्हणायचं का? सिंगापूरवाल्यांनी २०२० मध्ये डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून सीकेडी ओळखून दाखवलाय.

नाइट_ड्युटी_ताई
फुकट कोण म्हणतंय. डोळ्याच्या कॅम्पमध्ये फोटो काढतोच आहोत तर त्यातून किडनीची तपासणी कोणाची करायची एवढं कळलं तरी खूप, कारण या आजारात सुरुवातीला काही दुखतच नाही. आणि किडनी फेल व्हायचा धोका सांगणारं केएफआरई नावाचं साधं सूत्र आहे ना, २०११ पासून, वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर, फक्त चार गोष्टी. डीप लर्निंग वगैरे काही नाही त्यात.

पक्या_फायनल_इयर
ताई थँक्स. रिकामे रकाने खरंच तसेच निघाले, सरांना दाखवलं तर म्हणाले ब्लॅक बुकात (प्रोजेक्ट रिपोर्टात) १०० च राहू दे, बाहेरचे परीक्षक एवढं बघत नाहीत. आणि आईचा डबा उघडला तर मेडिकलवाल्याने दिलेल्या पेनकिलरच्या तीन स्ट्रिपा, रोज एक घेते म्हणे, वर्ष झालं. परवा सकाळी एसीआरला नेतोय.