शिक्षक संघटनेच्या शाखेने सन्मान सोहळा चालू ठेवावा की तो पैसा अडचणीतल्या सभासदांसाठी वळवावा?

प्रश्नकर्ता: नवा चिटणीस

सर्वांना नमस्कार. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या शिक्षक संघटनेच्या शाखेचा चिटणीस म्हणून माझी निवड झाली. सूत्रे हाती घेताना मागील काही वर्षांची इतिवृत्ते आणि जमाखर्चाच्या वह्या मी वाचून काढल्या. वर्गणीचा जो वाटा शाखेकडे राहतो, त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम दरवर्षी एकाच कार्यक्रमावर खर्च होते, असे त्यांतून दिसले. तो कार्यक्रम म्हणजे गुणवंत आणि सेवानिवृत्त शिक्षकांचा सन्मान सोहळा. सभागृहाचे भाडे, सन्मानचिन्हे, मानपत्रे, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांची सरबराई यांत हा पैसा जातो.

मी एरवी यावर फारसा विचार केला नसता. परंतु त्याच वर्षी आमच्या एका सभासदाला कारणे दाखवा नोटीस आली, तो चौकशीला एकटाच गेला आणि शाखेला हे दोन महिन्यांनी कळले. एक शिक्षिका दीर्घ आजारामुळे बिनपगारी रजेवर होत्या; त्यांची साधी विचारपूसही झाली नाही. चौकशीला सामोरे गेलेल्या त्या सभासदाने आता वर्गणी भरणे थांबवले आहे आणि त्याला दोष द्यावा, असे मला वाटत नाही.

कार्यकारिणीतील काही जणांचे म्हणणे आहे की, सोहळा बंद करावा. ज्येष्ठांच्या मते तो बंद झाला तर वर्षातून एकदा सर्व सभासद एकत्र येतात तेवढेही उरणार नाही. आणखी एक अडचण अशी की, सन्मानासाठीची नावे कार्यकारिणीच सुचवते आणि आता पाळी कोणाची हे सर्वांना आधीच ठाऊक असते. ज्यांनी शाखेचे काम केले आहे त्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

उत्तर: माजी शाळा प्रतिनिधी

चिटणीस महोदय, आपण पैशाचा प्रश्न विचारला आहे, परंतु चौकशीच्या प्रकरणात पैशाचा फारसा संबंधच नव्हता. सभासदासोबत जाऊन बसायला खर्च येत नाही. नोटीस आल्याचे ज्याला पहिल्याच दिवशी सांगता येईल असा माणूस प्रत्येक शाळेत असावा लागतो, आणि तो आपल्याकडे नाही, असे दिसते.

मी अकरा वर्षे शाळा प्रतिनिधी होतो. नोटीस हातात पडलेला शिक्षक बहुतेक वेळा दोन चुका करतो: रागाच्या भरात त्याच रात्री उत्तर लिहितो, किंवा लाजेपोटी कोणालाच काही सांगत नाही. दुसरी चूक अधिक घातक असते. प्रतिनिधीने पहिल्या भेटीत सल्ला देऊ नये. नोटिशीची प्रत घ्यावी, आलेल्या तारखेची नोंद करावी, उत्तराची मुदत किती आहे ते पाहावे आणि आरोप कोणत्या पुराव्यावर आधारलेले आहेत याची लेखी मागणी सभासदाच्या सहीने करून घ्यावी. सुनावणीच्या वेळी त्याने शेजारी बसून प्रश्न आणि उत्तरे शब्दशः टिपावीत. कारण ज्याची चौकशी चालू असते, त्याला नंतर आपण काय बोललो हेच आठवत नाही.

हे आम्ही कोणी शोधून काढलेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी मिळून तयार केलेली शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस पॅरिस येथील परिषदेत 5 ऑक्टोबर 1966 रोजी स्वीकारली गेली. त्या दिवसाची आठवण म्हणूनच 1994 पासून 5 ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. शिस्तभंगाच्या कारवाईत शिक्षकाला आरोप लेखी कळवले जावेत, पुरावा पाहता यावा, तयारीला पुरेसा वेळ मिळावा, स्वतः निवडलेल्या प्रतिनिधीमार्फत बचाव करता यावा, निर्णय कारणांसह लेखी मिळावा आणि त्यावर अपील करता यावे, असे या शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे. शिफारस ही शिफारसच. ती करारासारखी बंधनकारक नाही आणि प्रत्येक ठिकाणचे सेवानियम वेगळे असतात. तरीही आपले नियम वाचताना हीच यादी शेजारी ठेवावी, म्हणजे त्यांत काय राहून गेले आहे ते लगेच लक्षात येते.

तेव्हा आधी प्रत्येक शाळेत एक प्रतिनिधी आणि त्याच्या अनुपस्थितीत काम पाहील असा एक पर्यायी प्रतिनिधी नेमावा. सोहळ्याचे काय करायचे ते नंतर ठरवता येईल.

उत्तर: कोषाध्यक्ष

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण आजारी शिक्षिकेच्या बाबतीत पैशाचा प्रश्न येतोच. बिनपगारी रजेवर असलेल्या माणसाला विचारपूस हवी असते हे खरे असले, तरी घरभाडेही द्यावे लागते.

शिक्षकांच्या संघटनांना ही जाणीव फार पूर्वीपासून आहे. इंग्लंडमध्ये 1870 साली प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1877 मध्येच शिक्षकांसाठी व त्यांच्या अनाथ मुलांसाठी साहाय्य निधी उभा राहिला. आपली शाखा त्या मानाने लहान असली, तरी तत्त्व तेच आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून कल्याण निधीचे खाते स्वतंत्र उघडावे आणि वर्गणीचा ठरावीक हिस्सा दरवर्षी आपोआप त्यात जाईल अशी तरतूद करावी. सोहळ्यातून जे उरेल ते निधीला, असे ठरवले तर काहीही उरत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. संपाच्या काळासाठी राखलेला निधी असेल, तर त्याला मात्र हात लावू नये.

खरी कसोटी गोपनीयतेची असते. आमच्या शाखेत सुरुवातीला मदतीचे अर्ज पूर्ण कार्यकारिणीपुढे वाचले जात, आणि दोन वर्षांत एकही अर्ज आला नाही. आम्ही समजलो की गरजच नाही! नंतर तिघांची समिती केली, जमाखर्चात नावाऐवजी क्रमांक लिहायला लागलो, आणि नावांची यादी बंद लिफाफ्यात केवळ लेखापरीक्षकासाठी ठेवली. त्याच वर्षी अर्ज येऊ लागले. समितीत मुख्याध्यापक पदावरील सभासद नसावा, हेही आम्ही अनुभवाने शिकलो; आपल्या आजाराची किंवा कर्जाची माहिती ज्याच्या हाती आपल्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिणे आहे त्याच्याकडे जावी, असे कोणाला वाटेल?

रक्कम लहान असली तरी चालते, पण ती आठवड्याच्या आत मिळाली पाहिजे. ती परतफेडीची आहे की नाही, हे देतानाच लेखी सांगावे.

उत्तर: सेवानिवृत्त शिक्षिका

मी या धाग्यावर थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या निवृत्तीच्या वेळी शाखेने मला मानपत्र दिले होते. त्यात मी "विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष आणि मनमिळाऊ" असल्याचे लिहिले होते, आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या इतर चौघींच्या मानपत्रांतही तीच तीन विशेषणे त्याच क्रमाने होती. आम्ही पाचही जणी नंतर त्यावर पुष्कळ हसलो, पण घरी गेल्यावर मला ते मानपत्र भिंतीवर लावावेसे वाटले नाही. 

याउलट, माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा सन्मान शाळेच्या शिक्षककक्षातच झाला. तेथे ना सभागृह होते, ना पाहुणे. तिच्यासोबत सोळा वर्षे काम केलेल्या शिक्षकाने एक पानभर मजकूर वाचला. वाचता न येणारी मुले सातवीपर्यंत पुढे ढकलली जात असताना तिने मधल्या सुट्टीत त्यांचा वेगळा गट कसा चालवला, हस्ताक्षर सुधारण्याचा हट्ट तिने का सोडून दिला आणि वेळापत्रकावरून मुख्याध्यापकांशी तिचे दोनदा कसे भांडण झाले, हे सगळे त्यात होते. भांडणांचा उल्लेख झाल्यामुळे बाकीच्या मजकुरावरही विश्वास बसला.

म्हणून माझे मत असे की, सन्मान बंद करू नये, पण मानपत्र लिहिण्याचे काम कार्यकारिणीकडून काढून त्याच शाळेतील सहकाऱ्याकडे द्यावे. काम काय केले ते त्यात लिहिता आले नाही, तर तो सन्मान पुढच्या वर्षावर टाकावा. अर्धवेळ आणि कंत्राटी शिक्षकही वर्गणी भरतात. गेल्या दहा वर्षांच्या यादीत त्यांची किती नावे आहेत, ते चिटणीसांनी एकदा मोजून पाहावे.

उत्तर: गणिताचा शिक्षक

ताईंच्या मताचा आदर राखूनही मला "गुणवंत" हा शब्दच खटकतो. शिक्षकांत प्रतवारी लावण्याचे काम नियोक्ता करतच असतो. 1966 च्या ज्या शिफारशीचा उल्लेख वर आला आहे, तिच्यात असेही म्हटले आहे की, वेतन ठरवण्यासाठी गुणवत्तेच्या मूल्यमापनाची कोणतीही पद्धत शिक्षक संघटनांशी आधी विचारविनिमय केल्याशिवाय आणि त्यांची संमती घेतल्याशिवाय लागू करू नये. एकीकडे अशा प्रतवारीला आपण हरकत घ्यायची आणि दुसरीकडे स्वतःच्या व्यासपीठावर निकालाच्या टक्केवारीवरून तिघांना निवडायचे, यात विसंगती आहे. उद्या प्रशासन आपलीच यादी आपल्यापुढे ठेवील. सेवेची पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सभासदाचा सन्मान करावा आणि निवड ही गोष्टच काढून टाकावी.

उत्तर: सेवानिवृत्त शिक्षिका

सर, निकालाच्या टक्केवारीबद्दलचा आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र केवळ वर्षे मोजली, तर संघटनेसाठी ज्यांनी बदलीचा त्रास सोसला किंवा इतरांच्या चौकशीत सोबत दिली, त्यांची दखल कधी घेणार? असे काम सेवापुस्तिकेत नोंदले जात नाही आणि नियोक्ता त्याचा गौरव करणार नाही हे उघड आहे. ते फक्त शाखाच करू शकते, आणि त्यात वेतनाचा प्रश्नही येत नाही.

उत्तर: प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी जुन्या याद्या मोजल्या. दहा वर्षांत कंत्राटी शिक्षकाचे एकही नाव नाही, आणि कार्यकारिणीच्या आजी-माजी सदस्यांची नावे मात्र निम्म्याच्या जवळपास आहेत. हा आकडा सभेपुढे ठेवणे मला सोपे जाणार नाही, कारण त्यात माझेही नाव आहे.

येत्या बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. पहिला शाळा प्रतिनिधी व पर्यायी प्रतिनिधी नेमण्याचा, दुसरा कल्याण निधीचे स्वतंत्र खाते आणि तिघांची समिती यांविषयीचा, आणि तिसरा सन्मान शाळाशाळांतून करण्याचा. निकालावर आधारित निवड थांबवावी, असे तिसऱ्या ठरावातच लिहिले आहे. सभागृहाचे भाडे वाचले तर पहिल्या वर्षाचा निधी त्यातूनच उभा राहतो. ज्या सभासदाने वर्गणी थांबवली आहे, त्यांना भेटायला जावे की पत्र पाठवावे, एवढे मात्र अजून ठरलेले नाही.

उत्तर: माजी शाळा प्रतिनिधी

भेटायलाच जावे, आणि वर्गणीचा विषय काढू नये. चौकशीचा निर्णय त्यांना लेखी मिळाला आहे का आणि अपिलाची मुदत शिल्लक आहे का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारावे. दोन महिने आधीच गेले आहेत.