जुनी एसएलके घेऊ का? २००८ ची आहे, रिपेरिंगला किती बसेल

सावदा_केळीवाला:
राम राम मंडळी. जळगावात एकाला मर्सिडीज एसएलके २०० विकायची आहे, २००८ ची, दोन सीटची, छत उघडणारी, ७१ हजार किमी झालेत, साडेतेरा लाख सांगतोय. मागची चार वर्षं शेडमध्येच उभी होती म्हणे, त्यामुळे रंग एक नंबर. संध्याकाळी चालवून पाहिली, पळते मस्त. छत एकदा उघडलं, दुसऱ्या वेळी अर्ध्यात अडकलं, मालक म्हणे उन्हाने होतं तसं. काकांना विचारलं तर ते म्हणे या पैशात ट्रॅक्टर येतो आणि वर ट्रॉली. कोणाला अशा गाडीचा अनुभव आहे का, खर्च कशा-कशाचा निघतो?

धुळेकर_एमएच१८:
येडा व्हयना का भो 😂 सावद्यातून रावेरला जायचं म्हटलं तरी स्पीडब्रेकरला पोट घासेल. काका बरोबर सांगी राहिले.

आबा_गॅरेजवाले:
टिंगल नंतर करा रे. भाऊ, मी ३० वर्षं हेच काम करतोय, नीट वाच. चार वर्षं उभी होती हे मालक कौतुकाने सांगत असेल पण मला तेच खटकतंय, गाडी पळून जेवढी खराब होत नाही तेवढी आपल्याकडच्या ४५ डिग्रीत उभी राहून होते, रबर, सील, पाइप सगळं कडक पडतं.

पहिलं टायमिंग चेन बघ, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारी साखळी. या १.८ लिटरच्या कॉम्प्रेसर (हवा दाबून आत घेणाऱ्या) इंजिनात चेन एकेरी आहे आणि ती ताणते हे जगजाहीर आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू कर, पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली तर समजून घे की चेन नाहीतर कॅम ॲडजस्टर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची वेळ पुढे-मागे करणारा भाग) गेला. चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग अर्धं इंजिनच बांधायला काढावं लागतं. चेन, दातेरी चाकं, ॲडजस्टर, मजुरी धरून लाख ते दीड लाख धर, अंदाज माझा आहे, पार्ट कुठून मागवतोस त्यावर आहे.

दुसरं, इंजिनच्या पुढच्या बाजूला कॅमचे दोन मॅग्नेट असतात, त्यांचा प्लग काढून आत बोट लाव. तेल लागलं तर ते तेल वायरच्या आतून चढत चढत पार ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत जातं. मॅग्नेट १२-१५ हजारात होतील, वायरिंग खराब झालं असेल तर मग विचारू नको.

गिअरबॉक्स पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे, दणकट आहे. फक्त तेल कधी बदललं ते विचार, आणि त्याच्या वायरचा १३ पिनांचा प्लग गळतो तोही बघ. तेल, फिल्टर, प्लग मिळून १५-२० हजार.

छताचं ऊन-बिन काही नाही. आधी डिक्कीतला तो सरकता पडदा पूर्ण ओढलाय का बघ, तो लावलेला नसेल तर छत मुळात हलतच नाही. अर्ध्यात अडकतं म्हणजे बहुतेक हायड्रॉलिकचं तेल कमी झालंय, सिलिंडरची सील गेली असणार. पूर्ण सिलिंडर नवीन घेऊ नको, सील बदलून देणारे पुण्या-मुंबईत आहेत.

भुसावळ_लोको:
आबांनी कागदाचं सांगितलं नाही. २००८ ची म्हणजे १५ वर्षं २०२३ लाच झाली, आरसी रिन्यू केलीय का ते आधी बघा. साध्या कारला ती फी ५ हजार आहे पण बाहेरून आलेल्या गाडीला ४० हजार, आणि ही तयारच आयात झालेली आहे, वरून जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स वेगळा. केली नसेल तर तेवढे भावातून कमी करायला लावा. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३११६ लिहिलं असेल तर २०१६ चा ३१ वा आठवडा. नक्षी कितीही भारी दिसो, तसे टायर घालून कन्नड घाटात जाऊ नका. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत म्हणून पुढे-मागे फिरवताही येत नाहीत.

पारोळा_स्पीड:
माझ्याकडे दुसरी जुनी जर्मन गाडी आहे, नाव नाही घेत. चालू ठेवली की इंजिन थरथरायचं, एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने एकामागून एक तीन सेन्सर बदलले, ६८ हजार बिल, थरथर तशीच. शेवटी घरी आलो तर आमच्या गावच्या पोराने बॉनेट उघडून हात फिरवला, ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) रबरी पाइप खालून चिरलेला. ९०० रुपयांत काम झालं. म्हणून सांगतो, आधी मेकॅनिक शोधा मग गाडी. या इंजिनातही ते ब्रीदर पाइप चिरतात, वाचलंय मी.

आबा_गॅरेजवाले:
बरोबर. आणि घेतल्या दिवशीच दोन-तीन लाख बाजूला काढून ठेव भाऊ, ते नसतील तर घेऊच नको.

सावदा_केळीवाला:
आबा, आज सकाळी ७ ला न सांगता गेलो. बॉनेटला हात लावला तर चटका बसला, म्हणजे थंड इंजिनची खडखड ऐकताच आली नाही, मालक म्हणे दूध आणायला गेलो होतो. चार वर्षं उभी असलेली गाडी घेऊन दुधाला! मॅग्नेटचा प्लग काढू दिला, बोटाला तेल लागलं. टायर १४ सालचे. आरसी मात्र रिन्यू आहे. आता साडेनऊ म्हटलंय, तो अकरावर अडलाय.

आबा_गॅरेजवाले:
साडेनऊवरून हलू नको. परवा मी येतो सोबत, सकाळी ५ ला निघू, दुधाच्या आधी.