पूरग्रस्त मुलांसाठीच्या आवाहनात मुलांचे चेहरे असावेत का?

नदीकाठ

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की काही तासांत मोबाईलवर मदतीची आवाहनं फिरू लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत हे झालं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडलाही. त्यातल्या बऱ्याच आवाहनांत निवारा केंद्रातल्या एखाद्या भिजलेल्या, रडवेल्या मुलाचा फोटो असतो. खाली गावाचं नाव, कधी मुलाचंही.

माझं म्हणणं असं की ओळख पटेल असा मुलाचा फोटो आवाहनात घालूच नये.

ओळख फक्त चेहऱ्याने पटत नाही. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, मागे दिसणारा मंदिराचा कळस, घरावरची पाटी, ‘अमुक वाडीतली एकुलती वाचलेली मुलगी’ हे वाक्य, यातलं एकही पुरेसं आहे. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून जातात, पण दर्जा टिकावा म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तसेच राहतात. मंडळं मूळ फोटो एकमेकांना नेमके असेच पाठवतात.

‘आईला विचारून काढलाय’ या उत्तरात फारसा अर्थ नाही. एका हातात धान्याचं किट आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन विचारणाऱ्याला निवारा केंद्रातली कोणती आई नाही म्हणेल? संमती मागणारा आणि मदत देणारा एकच माणूस असेल, तर त्या संमतीला मी संमती मानत नाही.

निधीसंकलन

नदीकाठ, तुमची कळकळ समजते, पण सरसकट बंदी मला मान्य नाही. चेहरा नसेल तर पैसा येत नाही. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सीरियन बालकाचा मृतदेह सापडला आणि तो फोटो जगभर गेला. सीरियन निर्वासितांसाठीच्या स्वीडिश रेड क्रॉसच्या निधीत रोजच्या देणग्यांची संख्या पुढच्या आठवड्यात आधीच्या आठवड्याच्या शंभरपटीहून जास्त झाली. लाखो निर्वासितांचे आकडे त्याआधीही रोज छापून येत होते. आकड्यांनी जे झालं नाही, ते एका मुलाने केलं.

भिजलेल्या दप्तराचा फोटो टाकून बघा. लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. पुरात वाहून गेलेल्या वह्या-पुस्तकांना, अंगणवाडीच्या भांड्यांना, नव्या गणवेशाला पैसा लागतो, आणि सरकारी सानुग्रह अनुदान कुटुंबाच्या पहिल्या गरजांतच संपतं.

कायद्याचं म्हणाल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मधली मुलाची ओळख उघड करण्यावरची बंदी चौकशी, तपास किंवा न्यायालयीन कामकाजाच्या संदर्भातली आहे. आईवडिलांसोबत निवारा केंद्रात बसलेलं मूल त्यात येत नाही.

बालहक्क_सातारा

निधीसंकलन, याच कायद्याचं कलम २(१४) वाचा. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ या व्याख्येत नैसर्गिक आपत्तीची झळ बसलेलं मूल स्पष्ट शब्दांत आहे. त्यासाठी ते अनाथ असावं लागत नाही. कलम ७४ अशा बालकाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख उघड करणारा कोणताही तपशील आणि फोटो प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर बाल कल्याण समिती (याच कायद्याखालची जिल्ह्याची समिती) लेखी कारणं नोंदवून परवानगी देऊ शकते.

चौकशीच्या संदर्भाचा तुमचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, त्यावर वाद घालता येईल. पण एकटं सापडलेलं मूल २४ तासांच्या आत समितीपुढे, पोलिसांकडे किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवणं बंधनकारक आहे, आणि समितीपुढे आलं की चौकशी सुरूच होते. सकाळी ‘पालकांसोबत’ असलेलं मूल संध्याकाळी आईवडिलांच्या मृत्यूची खात्री झाल्यावर कोणत्या गटात जाईल, हे फोटो काढताना कोणालाच ठाऊक नसतं. इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) किंवा तळिये (२२ जुलै २०२१) यांसारख्या दरडीत तर बेपत्ता माणसांची यादी कितीतरी दिवस बदलत राहते.

२०२१ मधले संदेशही आठवा. ‘आईवडील कोविडने गेले, मुलं लहान आहेत, दत्तक घ्यायची असतील तर या क्रमांकावर फोन करा.’ चांगल्या मनाच्या माणसांनीच ते पुढे ढकलले. परस्पर मूल देणं-घेणं हा कलम ८० खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलांची विक्री करणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते: कोणतं मूल, कुठे आहे, आणि त्याचं कोणी उरलेलं नाही. फोटो आणि गावाचं नाव देऊन ती आपण आयती पुरवतो.

कॅमेरा_खांद्यावर

थोडं उलट बोलतो. हरवलेल्या मुलांचं काय? गर्दीत, होड्यांच्या फेऱ्यांत ताटातूट होते. एका फेरीत आजीसोबत मूल जातं, पुढच्या फेरीत आई दुसऱ्याच केंद्रावर उतरते. तिथे चेहरा झाकून काय साधणार? आणि एखाद्या वस्तीकडे प्रशासनाचं लक्ष गेलं नसेल, तर छतावर बसलेल्या मुलांचा फोटोच होडी आणतो. तो पुरावा असतो. त्याला प्रदर्शन म्हणणं मला पटत नाही.

पाणीपातळी

होडीसाठी चेहरा लागत नाही, ठिकाण लागतं. १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला वस्तीचं नाव, जवळची ठळक खूण, किती माणसं, त्यांत किती लहान मुलं, कोणी आजारी किंवा गरोदर आहे का, आणि चालू असलेला एक मोबाईल क्रमांक एवढं सांगा. छतावरचा फोटो लांबून काढलेला असला तरी ठिकाण पटतं. तो अधिकाऱ्यांना पाठवा, गटांवर नको. गटांवरचा ‘तातडीने होडी हवी’ संदेश माणसं सुखरूप बाहेर आल्यावरही फिरत राहतो आणि होडी पुन्हा त्याच वस्तीकडे वळते. म्हणून प्रत्येक संदेशावर तारीख आणि वेळ घाला, आणि काम झालं की ‘पूर्ण झाले’ असा संदेश मूळ पाठवणाऱ्यानेच टाकावा.

ताटातुटीचं वेगळं बोलतो, कारण तिथे फोटोने घात कसा होतो याचं उदाहरण आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या कल्मुनई रुग्णालयात काही महिन्यांचं एक बाळ आलं. त्या दिवशीचा ८१ वा रुग्ण, म्हणून जगभरच्या वृत्तपत्रांत ते ‘बेबी ८१’ झालं. नऊ कुटुंबांनी दावा केल्याच्या बातम्या पसरल्या. रीतसर दावा करणारं जोडपं प्रत्यक्षात एकच होतं. खऱ्या आईवडिलांना डीएनए चाचणी होईपर्यंत, फेब्रुवारी २००५ पर्यंत, आपलं बाळ मिळालं नाही.

करायचं ते असं. केंद्रावर मूल एकटं दिसलं की एका कागदावर नोंद करा: मूल स्वतः सांगतं ते नाव आणि घरातली हाक मारायची नावं, बोली, अंगावरचे कपडे, कुठे, कधी आणि कोणासोबत दिसलं, कोणत्या होडीने किंवा ट्रकने आलं. कपडे बदलण्याआधी फोटो काढा, कारण आई त्याच कपड्यांचं वर्णन सांगणार असते. तो फोटो पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांच्यापुरताच ठेवा. जन्मखूण, ताईत, जुन्या जखमेचा वण यातलं काही कुठेही लिहून प्रसिद्ध करू नका. दावा करायला येणाऱ्याला विचारायचे प्रश्न तेच असतात. फोटो फिरला की उत्तरंही फिरतात.

मूल दुसऱ्या केंद्रावर हलवताना नोंदीची एक प्रत त्याच्यासोबत आणि एक मूळ केंद्रावर ठेवायची. सर्वांत जास्त चूक इथेच होते. मूल हलतं, कागद राहतो, आणि आई रिकाम्या शाळेच्या दारात येते.

कॅमेरा_खांद्यावर

अधिकाऱ्यांपुरता फोटो ठेवून आई सापडली नाही तर?

बालहक्क_सातारा

तर समितीच्या परवानगीने प्रसिद्ध होतो. पोलीस आणि समिती जाहिरात देतातच. त्यात संपर्क सरकारी असतो, एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याचा नसतो. फरक एवढाच, पण मुलाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

दवाखाना

चेहऱ्यावर एवढं बोलणं झालं आणि आवाहनात काय मागतो यावर एक शब्द नाही. मुलांचा जीव तर तिथे जातो.

‘लहान बाळांसाठी दूध पावडर आणि बाटल्या पाठवा’ हे वाक्य प्रत्येक पुरात दिसतं. पावडरच्या दुधाला उकळलेलं पाणी, ते उकळायला इंधन, बाटली निर्जंतुक करायला पुन्हा पाणी, आणि मोजून पावडर घालायची सवय लागते. पुराच्या केंद्रात यातलं काहीच धड नसतं. विहिरीत पुराचं पाणी शिरलेलं असतं. अंगावर पिणारं बाळ फुकटच्या डब्यामुळे चार दिवस बाटलीवर गेलं की आईचं दूध कमी होतं, जुलाब लागतात आणि डबाही संपतो. शिवाय १९९२ चा शिशू दुग्ध पर्याय कायदा (२००३ मध्ये सुधारलेला) अशा डब्यांचं आणि बाटल्यांचं दान फक्त अनाथालयांपुरतं मान्य करतो. ज्या बाळाला खरोखर आई नाही किंवा आईचं दूध नाही, त्याचा निर्णय डॉक्टर घेतील. त्याला वाटी-चमच्याने पाजायचं, बाटलीने नाही.

मागायचं असेल तर आडोशासाठी पडदे आणि चटया मागा, आईला बसून पाजता येईल असा कोपरा होतो. आईसाठी गरम जेवण मागा. ओआरएस आणि झिंक आरोग्य विभाग पुरवतो. कमी पडल्यास त्यांना विचारून मागा.

केंद्रातला फळा यासाठी वापरा, मोठ्या अक्षरांत. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. पेल्यात अर्धं पाकीट टाकलं की मिश्रण खारट आणि घट्ट होतं, बाळ पीत नाही आणि प्यायलं तर त्रास होतो. मदतीत आलेली पाण्याची एक लिटरची बाटली हेच माप. केलेलं मिश्रण २४ तासांनी टाकून द्यायचं. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाबात झिंक २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. ‘जुलाब थांबले, गोळ्या बंद’ असंच घरोघरी होतं, म्हणून १४ हा आकडा फळ्यावर ठळक लिहायचा. अंगावरचं दूध चालू ठेवायचं.

हेही संपर्काचंच काम आहे. पुण्या-मुंबईच्या देणगीदारासाठी आपण चार भित्तिपत्रकं करतो, आणि केंद्रातल्या आईसाठी एकही नाही. याचा मला राग येतो.

निधीसंकलन

दवाखाना यांच्याशी पूर्ण सहमत. चेहऱ्याबाबत मात्र माझं मत तेच आहे. दीनवाणा फोटो मलाही नको. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेचं दहावं तत्त्व आपत्तिग्रस्तांना हतबल वस्तू म्हणून न दाखवता सन्मानाने दाखवा असं सांगतं. चेहराच दाखवू नका असं नाही. कपडे घातलेलं, खेळणारं किंवा तात्पुरत्या वर्गात बसलेलं मूल दाखवायला काय हरकत?

गल्लीमंडळ

हे सगळं मोठ्या संस्थांना ठीक. आमच्यासारख्या तरुण मंडळाला रात्री दहाला आवाहन टाकायचं असतं आणि सकाळी टेम्पो सुटतो. कलमं वाचायला वेळ कुठे?

नदीकाठ

गल्लीमंडळ, तुमच्यासाठीच सांगतो, नमुना घ्या आणि कंस भरा:

‘(तालुका) येथील निवारा केंद्रात (तारीख, वेळ) रोजी (संख्या) कुटुंबे असून त्यांत ६ वर्षांखालील (संख्या) मुले आहेत. गरज: (वस्तू व नेमकी संख्या). जुने कपडे, दूध पावडर, दुधाच्या बाटल्या नकोत. साहित्य (ठिकाण) येथे (तारीख, वेळ) पर्यंत. संपर्क: (एकच क्रमांक). हे आवाहन (तारीख) नंतर पुढे पाठवू नये.’

संख्या अंगणवाडी सेविका, आशा किंवा तलाठ्याकडून घ्या, अंदाजाने नको. शेवटची ओळ कधीही गाळू नका. मुदत नसलेलं आवाहन पुढच्या वर्षीच्या पुरातही फिरतं आणि तुमचा फोन वाजत राहतो. फोटो हवाच असेल तर पाण्याची खूण उमटलेली वर्गाची भिंत, वाळत टाकलेल्या वह्या, रांगेत ठेवलेली किटं. एआयने बनवलेलं रडकं मूल तर नकोच. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हेलेन वादळानंतर होडीतल्या मुलीचं असं एक चित्र खूप फिरलं, आणि बनावट निघाल्यावर खऱ्या फोटोंवरही लोक शंका घेऊ लागले.

निधीसंकलन, तुमच्याच उदाहरणाचा पुढचा भाग सांगा ना. तो देणग्यांचा ओघ काही आठवड्यांत ओसरला. ऑगस्टच्या पुरात बुडालेल्या शाळेला जानेवारीतही पैसा लागतो.

निधीसंकलन

म्हणूनच चेहरा आणि नाव दोन्ही लागतात: तेच कुटुंब, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. त्यासाठी संमती नीट घ्या. कुटुंब केंद्रातून घरी परतल्यावर, साधारण दहा दिवसांनी. मदत वाटणाऱ्याने न विचारता दुसऱ्या कोणीतरी. मराठीत, तोंडी समजावून आणि मग लेखी. पालकांची वेगळी, आणि मुलाची स्वतःची वेगळी. फोटो कुठे लागेल ते दाखवून: वेबसाइट, फलक, वृत्तपत्र. काढलेला फोटो मोबाईलच्या पडद्यावर मुलाला दाखवून. मुदत एक वर्षाची, आणि मन बदललं तर फोन करायला क्रमांक. एकदा पुढे पाठवला गेलेला फोटो परत आणता येत नाही, हेही आधीच सांगायचं. मूल अनाथ असेल, एकटं असेल किंवा अत्याचारग्रस्त असेल, तर मीही नाहीच म्हणेन.

बालहक्क_सातारा

यातली ‘मुलाची स्वतःची’ ही अट बहुतेक जण विसरतात. ती टाकल्याबद्दल बरं वाटलं. तरी व्याख्या तीच राहते. मूल घरी परतलं तरी आपत्तीची झळ बसलेलं आहेच, त्यामुळे समितीला आधी पत्र द्या. उत्तर यायला वेळ लागतो, हे धरून मोहीम आखा.

निधीसंकलन

देईन. पण पहिल्या दहा दिवसांचं काय? बहुतांश देणगीदार तेव्हाच जागे असतात. ते दिवस चेहऱ्याशिवाय गेले तर पुढच्या सहा महिन्यांचं नियोजन कशाच्या बळावर करायचं? बंदी मान्य करणं मला इथेच जड जातं.

नदीकाठ

त्या दिवसांत मोठ्यांचे चेहरे दाखवा, त्यांची परवानगी घेऊन. वर्गातला गाळ उपसणाऱ्या शिक्षिका, कमरेभर पाण्यातून पोषण आहाराची पोती नेणारी अंगणवाडी सेविका, होडी चालवणारे लोक. ‘या बाईंच्या अंगणवाडीला ४० ताटं आणि दोन सतरंज्या हव्यात’ असं लिहा. मागणी मुलांसाठीचीच राहते, चेहरा मात्र स्वतःचं हो-नाही ठरवू शकणाऱ्या माणसाचा असतो.

निधीसंकलन

शिक्षिकेच्या चेहऱ्यावर मुलाच्या चेहऱ्याएवढी देणगी येईल असं मला वाटत नाही. तरी पुढच्या पावसाळ्यात दोन्ही आवाहनं समांतर चालवून आकडे इथे टाकता येतील. मुलाच्या बाजूचा फोटो समितीची लेखी परवानगी असलेला, आधीच्या वर्षीचा आणि तारीख छापलेला असेल.

बालहक्क_सातारा

आधीच्या वर्षीच्या परवानगीची मुदत संपलेली नाही ना, तेवढं पाहा. परवानगी ज्या कारणासाठी घेतली, त्याच कारणासाठी तो फोटो वापरता येईल.