दोन कॉलमचा रेझ्युमे पोर्टलवर नको
ज्यांनी इथे रेझ्युमेचं टेम्प्लेट टाकून विचारलंय की डावीकडे स्किल्स, उजवीकडे अनुभव असं चालेल का, तर दिसायला छानच आहे, पण नोकरीच्या पोर्टलवर अपलोड करणार असाल तर एकच कॉलम ठेवा, कारण पोर्टलवर रेझ्युमे वाचणारं काही सॉफ्टवेअर दोन्ही कॉलममधून ओळ सरळ आडवी वाचत जातं आणि मग तुमचं स्किल्समधलं एक्सेल जाऊन चिकटतं कंपनीच्या नावाला. पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, क्रम कसा येतोय याचा बराच अंदाज येतो.

फॉन्ट कॅलिब्री असला तरी हरकत नाही, मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, नाव १८ च्या आसपास. पण एका पानात बसवायचं म्हणून ८ पॉइंट अजिबात करू नका हो, त्यापेक्षा दहावीचे मार्क काढून टाका.

आणि तारखा स्पेसबार दाबून दाबून उजवीकडे ढकलल्यात त्या आधी नीट करा, वर्डमध्ये वरच्या रूलरवर (मोजपट्टीवर) उजवा टॅब स्टॉप लावा, म्हणजे टॅब दाबला की तारीख उजव्या कडेला नीट लागते, नाहीतर वर्ड फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली आणि फॉन्ट बदलला की सगळ्या वेड्यावाकड्या. स्किल्सपुढचे ठिपकेही काढाच, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेपुढे पाचपैकी चार ठिपके म्हणजे नक्की किती येतं ते कोणालाच कळत नाही, त्या जागी जावात काय बनवलंत ते एका ओळीत लिहा.