मदत हवी आहे: सिंहाच्या नाण्यावरची अक्षरं लागत नाहीयेत

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला राहतोय, नाण्यांचा नाद मात्र गेल्या हिवाळ्यातला. परवा जुन्या बाजारात एक लेउवेनडाल्डर, म्हणजे सिंहाचं चांदीचं नाणं, 140 युरोला घेतलं. हातोड्याने ठोकून पाडलेलं, त्यामुळे धड गोल नाही. एका बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह, दुसरीकडे ढालीमागे सरदार. ढालीवर पुन्हा सिंहच.

सिंहाची छाती नि पोट सपाट आहे, पण शेपूट, पंजे इतके ठसठशीत की नखं मोजावीत. झिजलं असतं तर सगळीकडून झिजायला नको का? विकणाऱ्याने ‘फार वापरलेलं’ म्हणून दहा युरो कमी केले, तेव्हा मी गप्प बसलो.

सरदाराच्या बाजूला ‘मो आर्ग प्रो कॉन्फे बेल्ग’ (लॅटिनमध्ये तोडून लिहिलेलं ‘डच प्रांतसंघाचं चांदीचं नाणं’) एवढं लागतं. पुढे टी, आर, ए आणि मग नुसता राडा. साल 164 पर्यंत दिसतं, शेवटचा आकडा गेला. टीआरए म्हणजे लॅटिनमधलं त्राजेक्तुम, आमचं उत्रेख्तच ना? हो म्हणा, प्लीज.

वजन 26.94 ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य केलं आणि नाणं दोऱ्याने आत सोडलं, तळाला न टेकवता. आकडा आला 2.70. बनावट तर नाही? आई व्हिडिओ कॉलवरून दंतमंजनाने घास म्हणतेय.

खुर्दा: आधी काकूंना आवरा! घासलंत की किंमत गेली.
2.70 म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. 26.94 भागिले 2.70, म्हणजे घनता जवळपास 10. या नाण्यात चांदी 75 टक्के, बाकी बहुतेक तांबं, त्याची घनता तेवढीच येते. जस्त-कथलाचं असतं तर 7 च्या आसपास आली असती. ठरलेलं वजन 27.68 होतं, त्यामुळे पाऊण ग्रॅमची घट चालण्यासारखी आहे. कडेला साच्याची रेघ नाही ना, तेवढं बघा.
आता नाणं उलटा. छातीच्या बरोब्बर मागची जागाही सपाट आहे का?

धागाकर्ता: रेघ नाही. आणि हो, तिथेच ढालीवरचा सिंहही पुसट!

खुर्दा: मग ती झीज नव्हे, ठोका कमी पडलाय. दोन्ही ठशांचे खोल भाग समोरासमोर आले की मधली चांदी दोन्हीकडे पुरत नाही. ही नाणी ढिगाने तुर्की मुलखात जायची, देखणेपणाची फिकीर कोणाला! अरबांनी तर याला ‘अबू कल्ब’, कुत्र्याचा बाप, म्हटलं. रोमानियाचं चलन ‘लेउ’ मात्र याच सिंहावरून आलंय.

नदीपलीकडचा: उत्रेख्तची घाई नको. ओव्हरआयसेल प्रांताचं लॅटिन नावही टीआरएनेच सुरू होतं, ‘ट्रान्सइसालानिया’. उत्रेख्त असेल तर ए नंतर काही नसेल किंवा आय असेल, ओव्हरआयसेल असेल तर एन. टॉर्च आडवा धरा, भिंगातून पाहा. शिवाय उत्रेख्त शहराच्या चिन्हाची चिमुकली ढाल नाण्यावरच्या अक्षरांत कुठे दिसते का, तेही शोधा.

धागाकर्ता: ढाल सापडली नाही. ए नंतर एक उभी दांडी आहे. आय म्हणून उडी मारणार होतो, पण टॉर्च फिरवल्यावर तिच्या डोक्यापासून खाली उतरणारी तिरकी रेघ दिसली. एनच आहे तो. गेलं आमचं उत्रेख्त.